जोडीची सुट्टी

मंगळवार, ४ मार्च

दादा,

अकरा वर्षांनी माझं पत्र आलं म्हणजे कुणीतरी गेलं असणार, असं समजून तू आधी वहिनीला हाक मारशील आणि मग चष्मा शोधशील. कुणी गेलेलं नाही. चष्मा शोध, वहिनीला तिचं काम करू दे.

मी अजून डेपोतच आहे, त्याच चार्टच्या खोलीत. कुणी कोणती गाडी न्यायची, कोणत्या पाळीला यायचं आणि आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी घ्यायची, हे चारशे एकतीस माणसांचं प्राक्तन मी पेन्सिलीने लिहितो आणि खोडरबराने बदलतो. बाबांनी बारा वर्षं संस्कृत पढवलं ते यासाठी नसावं, पण वाया काही गेलं नाही. सगळे अजून शास्त्रीच म्हणतात. परवा एक नवा ड्रायव्हर खिडकीशी येऊन अगदी हळू आवाजात म्हणाला, "शास्त्रीबुवा, गुरुवार कसा आहे?" मला वाटलं, साखरपुडा ठरलाय. त्याला गाडी बदलून हवी होती.

युनियनच्या हॉलमध्ये तुझा फोटो आहे. काच स्वच्छ असते. कोण पुसतं ते विचारू नकोस.

आता मुद्द्यावर येतो, नाहीतर म्हणशील, याची प्रस्तावना संपेपर्यंत गाडी शेवटच्या थांब्याला लागते. तू अध्यक्ष असताना एकवीस दिवसांचा संप करून एक हक्क मिळवलास: सुट्टीचा चार्ट मॅनेजरने नाही, युनियनने लावायचा. आणि त्यात तूच एक कलम घातलंस, की नवरा-बायको दोघंही डेपोत असतील तर दोघांना सुट्टी एकाच वारी. तेव्हा तू बाकावर उभा राहून म्हणाला होतास, "कामगाराला जेवताना समोर आपलं माणूस दिसलं पाहिजे, निदान आठवड्यातून एकदा." खाली बसून सगळ्यात जोरात टाळ्या मी वाजवल्या. तुला वाटलं असेल, धाकटा भाऊ म्हणून.

आजमितीला जोडीची सुट्टी घेणारी चौतीस जोडपी आहेत. त्यांत नसलेल्या एका जोडीची ओळख करून देतो. एक कंडक्टर बाई आहे, तिला सगळे तोफ म्हणतात. पुढच्या दाराशी उभी राहून मागच्या दारातल्या प्रवाशाला खाली उतरवते, नुसत्या आवाजावर. ती चौदा वर्षं आमच्या वॉशिंगमधल्या, गाड्या धुणाऱ्या बाईबरोबर राहते. हिची सुट्टी सोमवारी, तिची शुक्रवारी. महिन्यापूर्वी तोफ खिडकीत डोकं घालून म्हणाली, "शास्त्री, तुमच्या चार्टाच्या कृपेने मी चिठ्ठीशी संसार करतेय. 'भाजी डब्यात आहे.' 'गॅस आला होता.' 'तुझा वाढदिवस होता ना काल?'"

तर वीस तारखेच्या वार्षिक सभेत प्रस्ताव येतोय: एका घरात संसार करणारे कुणीही दोघं, मग ते दोन पुरुष असोत की दोन बायका, त्यांनाही जोडीची सुट्टी. संस्कृतात द्विवचन आहे, तुझ्या नियमावलीतही आहे. ते सगळ्यांना लागू करा, एवढंच मागणं. मला माहीत असलेल्या अशा सात जोड्या आहेत. धक्का बसला असेल तर सांगतो, तुझ्या काळात सहा होत्या.

सूचक म्हणून सही माझी आहे. हे तुला हँडब्रेककडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून हा खटाटोप. हँडब्रेक म्हणजे तुझा पट्टशिष्य, हल्लीचा अध्यक्ष. तू त्याला युनियन चालवायला शिकवलंस, थांबवायला तो आपला आपण शिकला.

आणि मिस्त्री बरा आहे. तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. आईला चार महिने ज्याने उचलून कुशीवर वळवलं, आणि ती गेली त्या दिवशी ज्याला तू "डेपोतले लोक फाटकाबाहेर थांबतील" असं म्हणालास, तो वर्कशॉपमधला मिस्त्री. आम्ही एकत्र राहतो त्याला एकोणीस वर्षं झाली. त्याची सुट्टी मंगळवारी, माझी गुरुवारी. आज मंगळवार आहे. तो घरी आहे आणि मी इथे.

खोडरबर माझ्याच हातात असताना मी गुपचूप एक वार का बदलला नाही, हे तुझ्या मनात आलंच असेल. चोरून घेतलेली सुट्टी हक्काची होत नाही. हे तूच शिकवलंस, माझा नाइलाज आहे.

तुझा,
धाकटा


शुक्रवार, १४ मार्च

दादा,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती, पण पोस्टमनला रोज उगाच नमस्कार करतोय, त्याला संशय यायला लागलाय.

इथे मतदानावरून वाद पेटलाय. मतदान अजून तुझ्याच पद्धतीने होतं: मंचावर दोन बादल्या, एक हो, एक नाही, ज्याने त्याने छातीवरचा पितळी बिल्ला काढून हव्या त्या बादलीत टाकायचा. मोजणी झाली की नंबर पुकारून बिल्ले परत, म्हणजे कोण कुठल्या बाजूचा ते सगळ्या हॉलला कळतं. "ज्याला मत आहे त्याला नंबरही आहे," असं तू म्हणायचास. तोफेचं म्हणणं, या एका प्रस्तावाला चिठ्ठ्या घ्या. "अहो शास्त्री, माझी नाही, पण त्या बाकीच्या पाच जोड्यांची काळजी करा. बिल्ला परत घ्यायला मंचावर जायचं म्हणून त्या मतच देणार नाहीत." मी म्हणालो, लपून मागितलं तर लपूनच मिळेल, उघड मागू. भाषणात मी फार शूर असतो.

दुसरं लफडं माझ्या खोलीतलं. सभा दुपारी तीन ते पाच. त्या वेळी दीडेकशे माणसं गाडीवर असणारच, शहर काही आपल्या सभेसाठी थांबत नाही. आणि गाडीवर कोण नि हॉलमध्ये कोण, हे ठरवतो मी. हँडब्रेक येऊन माझ्या टेबलावर टेकला. "चार्ट तुझ्या हातात, प्रस्ताव तुझा. लोक बोलायला लागलेत."

"काय बोलतात?"

"तेच, जे मी बोलतोय."

म्हणून चार्ट असा स्वच्छ लावणार आहे की त्याला हुंगून बघितलं तरी वास येऊ नये. मिस्त्री म्हणाला, "फार स्वच्छ करू नकोस, पार्ट झिजतात." वर्कशॉपमधली माणसं अशीच बोलतात.

धाकटा


शनिवार, २२ मार्च

दादा,

हरलो. हो एकशे अठरा, नाही एकशे एक्कावन्न.

तुझं पत्र पोहोचलं. मला नाही, हँडब्रेकला. त्याने ते मंचावरून वाचलं, तुझ्या फोटोखाली उभं राहून, दोन ओळी दोनदा: "युनियन पोटाच्या प्रश्नासाठी आहे. घरात कोण कुणाबरोबर राहतं हा तिचा प्रश्न नाही." अक्षर तुझंच असणार, कारण हँडब्रेक मध्ये मध्ये अडखळत होता. तुला एकच विचारतो. घरात कोण कुणाबरोबर राहतं याच्याशी युनियनला देणंघेणं नसेल, तर चौतीस जोडप्यांची सुट्टी तू कशावरून लावलीस?

पण सगळं तुझ्या माथी मारत नाही. तुझ्या पत्राने वीस मतं फिरली असतील. बाकीचं मी केलं, आणि ते कसं हे मला कुणापाशी तरी कबूल करायला हवं. तू लांब आहेस, सोयीचा आहेस.

जे विरोधात आहेत असं मला माहीत होतं, त्या प्रत्येकाला मी सभेच्या वेळी मोकळं ठेवलं, म्हणजे कुणी बोट दाखवायला नको. कुणाला तरी गाडीवर पाठवायला लागणारच. गेले ते आमचे. तोफ स्वतः तेरा नंबरच्या गाडीवर होती. असली चूक जगात फक्त चार्टवालाच करू शकतो: मी आमचं मत स्वतःच्या हाताने शहरभर फिरायला पाठवलं, शेवटच्या थांब्यापर्यंत आणि परत.

आणि मिस्त्रीला ब्रेकडाउन व्हॅनवर टाकलं. त्याची पाळीच नव्हती त्या दिवशी व्हॅनवर. नाव खोडून लिहिलं. तेव्हा मी स्वतःला सांगितलं की हेही न्यायासाठीच. दादा, ते न्यायासाठी नव्हतं. तो हॉलमध्ये समोर बसलेला असताना लोक आधी माझ्याकडे आणि मग त्याच्याकडे बघतील, ते मला नको होतं.

मी वीस मिनिटं बोललो. समता, सहजीवन, न्याय्य अधिकार. बाबा असते तर डोळे मिटून मान डोलावली असती. मागून एक ड्रायव्हर ओरडला, "शास्त्री, ही सात जोडपी आहेत कोण? एक तरी दाखवा!"

मी म्हणालो, "हा प्रश्न तत्त्वाचा आहे, व्यक्तींचा नाही."

हॉल हसला. हसण्यासारखंच होतं. तेवढ्यात तोफेची सोबतीण उठली, वॉशिंगमधली, ओल्या गमबुटांसह. जिचा आवाज चौदा वर्षांत मी तीनदा ऐकला असेल. ती म्हणाली, "मी आहे त्यातली एक. दुसरी तेरा नंबरच्या गाडीवर आहे. यांनीच पाठवलीय." आणि खाली बसली. त्यानंतर हसायला कुणी उरलं नाही.

मिस्त्री सहाला आला, कोपरापर्यंत काळा. हात धुता धुता म्हणाला, "झालं का बोलून?"

"झालं."

"काय बोललास?"

"सगळं."

"आपलं?"

मी साबणाची वडी त्याच्या हातात दिली, ती त्याच्या हातात आधीच होती. त्याने नळ बंद केला. मग म्हणाला, "एकोणीस वर्षं तू चार्टमध्ये जिथे टाकलंस तिथे गेलो. आज पण गेलो. आता पुरे." त्यानंतर घरात कामापुरतं बोलणं आहे. दूध आणलंय. किल्ली कोनाड्यात आहे.

तोफ मात्र बोलली, भरपूर बोलली. त्यातलं लिहिण्यासारखं एवढंच: "तुमचा प्रामाणिकपणा आमच्या अंगावरून गेला, शास्त्री, आणि तुम्ही मागे वळून नंबरसुद्धा बघितला नाहीत."

पन्नास सभासदांच्या सह्या असतील तर प्रस्ताव महिन्याच्या आत पुन्हा आणता येतो. हेही कलम तुझंच. सोडणार नाही.

धाकटा


सोमवार, ३१ मार्च

दादा,

आज जे झालं ते तुला हँडब्रेकही कळवेल, पण त्याला गोष्ट सांगता येत नाही, म्हणून मी लिहितो.

जोडीच्या सुट्टीचे अर्ज अजून मार्चच्या शेवटच्या सोमवारीच घेतात. दोघांनी मिळून खिडकीवर यायचं, दोघांचे बिल्ले कट्ट्यावर शेजारी ठेवायचे, मी नंबर उतरवून घ्यायचे. सकाळी दहापासून रांग होती. तोफ आणि तिची सोबतीण मागे उभ्या होत्या. रांगेत नियमाने दोघी, आवाजाने पाच. आणि चौथ्या जागी मिस्त्री. एकटा. वर्कशॉपचा डगला, हातात बिल्ला. मला काही बोलला नव्हता. बोलतच नव्हता.

पहिलं जोडपं झालं. दुसरं झालं. तिसऱ्याचे नंबर मी चुकीचे उतरवले, खोडले, परत उतरवले. मग तो खिडकीशी आला आणि बिल्ला कट्ट्यावर ठेवला.

माझ्या तोंडून सवयीने गेलं, "एकट्याचा अर्ज घेता येत नाही."

"माहितीये," तो म्हणाला. "दुसरा आत बसलाय."

रांग चिडीचूप. मागे तोफ आहे आणि रांग चिडीचूप आहे, असं डेपोच्या इतिहासात घडलेलं नाही. मी रजिस्टर मिटलं, पेन्सिल कानामागे खोचली, खोलीचं दार उघडून बाहेर आलो आणि रांगेला वळसा घालून त्याच्या शेजारी उभा राहिलो. छातीवरचा बिल्ला निघेना. बावीस वर्षांत पिन गंजलीय. मिस्त्रीनेच काढून दिला. दोन्ही बिल्ले कट्ट्यावर ठेवले. आता अर्ज द्यायला आम्ही दोघं होतो आणि घ्यायला खिडकीत कुणीच नव्हतं.

मागचे लोक ओरडायला लागले. कुणीतरी धावत जाऊन हँडब्रेकला आणलं. तो धापा टाकत माझ्या खुर्चीवर बसला, माझ्या खुर्चीचा एक पाय आखूड आहे हे त्याला तेव्हाच कळलं.

"शास्त्री, तमाशा पुरे. आत ये."

"येतो. आधी अर्ज घे."

"कुणाचा?"

"माझा," मी म्हणालो. "माझा आणि याचा. एकोणीस वर्षं एका घरात राहतो आम्ही. नवरा-बायकोसारखं म्हणणार होतो, पण नवरा-बायको एवढं बोलत नाहीत म्हणे."

कुणीतरी हसलं, पण यावेळी ते आमच्या बाजूने होतं. हँडब्रेकने खिडकीतून मान पुढे काढली आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "अरे, दादांना काय वाटेल?"

"ते तूच वाचून दाखवलंस की. दोनदा."

तो नियम पुटपुटत राहिला. सभेने नाही म्हटलंय, मी कसा घेऊ. तेव्हा आमच्या मागे उभ्या असलेल्या जोडप्यातली बाई पुढे आली. दोघंही कंडक्टर, बारा वर्षं जोडीची सुट्टी घेतात. तिने हातातला अर्ज घडी घालून पिशवीत टाकला. "साहेब, यांचा घेत नसाल तर आमचाही राहू दे. शास्त्रींनी बारा वर्षं आमची सुट्टी लावली आणि स्वतः चिठ्ठ्या लिहीत बसले. मला नाही जेवण जाणार."

तिचा नवरा म्हणाला, "अगं, मला विचार तरी."

"विचारते. जाईल तुला जेवण?"

"नाही," तो म्हणाला, आणि त्याने हातातले दोघांचे बिल्ले खिशात घातले.

तिच्यामागच्या तीन जोडप्यांनी तेच केलं. सगळ्यांनी केलं असं लिहायला आवडलं असतं. बरेच जण खाली बघत उभे राहिले आणि एक जोडपं रांगेत आमच्या पुढे घुसलं. पण तोफेने तिथेच वहीचं पान फाडलं आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीपर्यंत एक्क्याऐंशी सह्या झाल्या. पहिली सही तिच्या सोबतिणीची. मीही केली. माझ्या सहीच्या शेजारी लगेच मिस्त्रीची आहे, ग्रीसच्या अंगठ्यासकट.

सभा सतरा एप्रिलला. त्या दिवसाचा चार्ट मी लावणार नाही. तोफ आणि हँडब्रेकचा माणूस दोघं समोरासमोर बसून लावतील. आणि सभा दोनदा होईल, सकाळच्या पाळीची दुपारी, दुपारच्या पाळीची सकाळी, मध्ये बादल्यांना सील. प्रत्येकाला मत देता येईल. त्यात पुन्हा हरलो, तर पुढच्या मार्चला खिडकीवर पुन्हा असेच उभे राहू. मला निवृत्तीला अजून आठ मार्च आहेत.

तुला हँडब्रेककडे दुसरं पत्र पाठवायचं असेल तर पाठव. यावेळी ते मी वाचून दाखवीन. मी अडखळणार नाही.

धाकटा


गुरुवार, ८ मे

दादा,

दोनशे चौदा हो, एकशे त्र्याण्णव नाही.

तू पत्र पाठवलं नाहीस. त्याचा अर्थ मी लावत बसलेलो नाही. मात्र वहिनीचं कार्ड आलं, चार ओळींचं: "भाऊजी, तुमची पत्रं हे दोनदा वाचतात, मग माझ्यावर चिडतात. वाचायचं थांबत मात्र नाहीत. पाठवत राहा." तिला सांग, मिळालं.

सभेत मी चार वाक्यं बोललो. सगळी 'मी'पासून सुरू होत होती. मिस्त्री पहिल्या रांगेत बसला होता आणि लोकांनी आधी माझ्याकडे, मग त्याच्याकडे बघितलं. काही झालं नाही. म्हणजे झालं: मोजणीनंतर नंबर पुकारायला लागले तेव्हा हो बादलीशी जी माणसं आली, त्यांत दोन अशी होती ज्यांची मी स्वप्नातही कल्पना केली नव्हती, आणि एक असा, की ज्याने मार्चमध्ये "एक तरी दाखवा" म्हणून आरोळी दिली होती. बिल्ला घेताना तो मला म्हणाला, "दाखवलंत ना, झालं." आमच्या सातांपैकी दोन जोड्या अजून खिडकीवर आलेल्या नाहीत. येतील तेव्हा येतील. कलम आता त्यांची वाट बघू शकतं.

सगळं गोड नाही. वर्कशॉपमध्ये दोघांनी मिस्त्रीबरोबर डबा खाणं सोडलंय. हँडब्रेक मला शास्त्रीच्या ऐवजी "साहेब" म्हणतो, हे बोलणं बंद केल्यापेक्षा वाईट. तरी एक मेपासूनचा चार्ट त्याच्याच सहीने लागला. आमचे दोन नंबर एका रकान्यात मी स्वतः लिहिले, आणि यावेळी शाईने.

आजचा दुसरा गुरुवार. पहिल्या गुरुवारी मिस्त्री सकाळी सातला उठला आणि घरात मी आहे हे बघून दचकला. मग त्याने न बिघडलेला नळ दुरुस्त केला. दुपारी आम्ही भांडलो, पडदा कुठल्या बाजूला सारायचा यावरून. दिवसाउजेडी भांडायला एकोणीस वर्षांत सवडच मिळाली नव्हती. दोघांनाही नीट जमलं नाही, पण सरावाने येईल. आज तो समोर बसलाय. हे पत्र कुणाला, हे त्याला माहीत आहे. "माझा नमस्कार लिही," म्हणाला. मी म्हटलं, "फाटकाबाहेर उभं केलं होतं त्याने तुला." तो म्हणाला, "म्हणून तर लिही. आतून पाठवतोय."

तर त्याचा नमस्कार.

आता माझं. तू कधी इकडे यायचं ठरवलंस, तर वार बघून ये. गुरुवारी आम्ही दोघं घरी असतो. दुसऱ्या कुठल्याही दिवशी आलास तर दोघांपैकी एकच भेटेल, आणि तसं आता आम्ही कुणाला भेटत नाही.

तुझा,
धाकटा